मदत हवी आहे: खोक्याचं झाकण पुन्हा बंद होतं, पण बंद राहत नाही

नमस्कार मंडळी,

मूळ काम ग्राफिक डिझाइनचं, गेली दोन वर्षं खोक्यांच्या आखणीतही हात घालते आहे. छपाईतलं कळतं, पुठ्ठ्यातलं कमी कळतं, हे आधीच कबूल करून टाकते.

कोरडा, दाणेदार खाद्यपदार्थ, ४०० ग्रॅम. आत सीलबंद पिशवी, बाहेर खोकं. एका वेळी साधारण ४० ग्रॅम वापर, म्हणजे माल संपेपर्यंत खोकं निदान दहा वेळा उघडणार-मिटणार. ग्राहकाची अट एकच: झाकण शेवटपर्यंत नीट बसलं पाहिजे, आणि त्यासाठी चिकटपट्टी, प्लास्टिकचं बूच असलं काही नको. फक्त पुठ्ठा.

खोकं ११० मिमी रुंद, ४५ खोल, १९० उंच. पुठ्ठा ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम), करड्या पाठीचा ड्युप्लेक्स, म्हणजे छपाईची बाजू पांढरी, जाडी मोजली तर ०.४४ मिमी. झाकण मागच्या ११०च्या बाजूला जोडलेलं, पुढे १५ मिमीची टक फ्लॅप (आत खोचायची पट्टी), दोन्हीकडे डस्ट फ्लॅप (झाकणाखाली दुमडायच्या बाजूच्या पट्ट्या). बाहेरून पूर्ण यूव्ही वॉर्निश (अतिनील प्रकाशाने वाळवलेला थर).

प्लॉटरवर (ड्रॉइंगवरून थेट कापणारं मशीन) पाच कोरे नमुने कापून घेतले होते. त्यातलं एक घेऊन टीव्हीसमोर बसले आणि चाळीस वेळा उघडलं-मिटलं. चाळिसाव्यांदाही टक् करून बसलं. ग्राहकाने मान्यता दिली, माल छापून आला, आणि आता भरलेल्या खोक्याचं झाकण पहिल्याच दिवशी बोटभर वर! दाबलं की बसतं, हात काढला की हळूहळू उठतं. समोरची बाजू मध्ये जराशी फुगलेली दिसते. झाकणाच्या घडीवर छपाईला बारीक पांढऱ्या भेगाही पडल्यात.

छापखाना म्हणतो, डाय (कापायचा आणि घडी पाडायचा साचा) तुमच्याच ड्रॉइंगवरून केली. खरं आहे, मी पट्टी लावून पाहिलं, मापं तंतोतंत आहेत. मग बिघडलं कुठे? टक फ्लॅप १५ची २० करू, की समोर खाच पाडून जीभ अडकवू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

४००चा पुठ्ठा घ्या. ताठ राहील.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याने झाकण आणखी जोरात उठेल. जाड पुठ्ठ्याची घडी जास्त उसळते.

ताई, फ्लॅप वाढवायच्या आधी एक करा. वाया गेलेल्या खोक्याच्या समोरच्या बाजूचा चौकोनी तुकडा कापा, कडा खोक्याच्या कडांशी समांतर ठेवा आणि वरची बाजू कोणती ते पेन्सिलने लिहा. करडी पाठ ओल्या फडक्याने पुसा. तुकडा नळीसारखा वळेल. ती नळी ज्या दिशेने लांब, ती ग्रेनची, म्हणजे तंतूंची दिशा. हेच तुमच्या प्लॉटरच्या नमुन्यावरही करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माझा अंदाज: छापील खोक्यात ग्रेन उभा निघेल, नमुन्यात आडवा.

तंतूंच्या दिशेत पुठ्ठा साधारण दुप्पट ताठ असतो. टक झाकणाच्या खोक्याला ग्रेन आडवा, खोक्याभोवती वेढा घालणारा हवा. तसा असला की दोन फायदे होतात. समोरची बाजू रुंदीत ताठ राहते, फुगत नाही. आणि झाकणाची घडी तंतूंना समांतर पडते, त्यामुळे ती सहज मोडते आणि कमी उसळते. ग्रेन उभा झाला की सगळं उलटं. झाकण उघडताना-मिटवताना तुम्ही प्रत्येक वेळी तंतूच वाकवता, ते सरळ व्हायला बघतात. वर समोरची बाजू फुगून तोंड पिंपासारखं झालं की टक फ्लॅपला मध्यभागी धरायला काही उरतच नाही. घडीवरच्या भेगा हीसुद्धा त्याचीच खूण, त्यात यूव्ही वॉर्निश मुळातच ठिसूळ.

छापखान्याने वाईट हेतूने केलं असं नाही. शीटवर जास्त खोकी बसावीत म्हणून मांडणी नव्वद अंशांत फिरवतात, रोजचंच आहे ते. तुमच्या ड्रॉइंगवर ग्रेनचा बाण होता का?

धागाकर्ती

नव्हता. :(

प्रतिसाद २

मग त्यांना दोष देता येणार नाही.

आणखी एक. प्लॉटरच्या नमुन्यावरून झाकणाचा निकाल कधीच लावू नका. प्लॉटर मऊ पाठीवर चाक फिरवून घडी दाबतो. पंचिंगमध्ये, म्हणजे डायखाली दाबताना, क्रीझची (घडी पाडायची) पट्टी पुठ्ठ्याला खालच्या चॅनलमध्ये (खोबणीत) ढकलते, आतले थर सुटतात आणि मागे उंचवटा येतो. दोन घड्यांचा स्वभावच वेगळा. चॅनलच्या रुंदीचा नेहमीचा हिशेब: जाडीच्या दीडपट अधिक पट्टीची जाडी. तुमच्याकडे ०.६६ अधिक २ पॉइंटच्या पट्टीचे ०.७१, म्हणजे १.४च्या आसपास. बराच रुंद चॅनल असेल तर घडी गुळमुळीत पडते आणि कुठेही मोडते. छापखान्याला विचारून घ्या. आणि नमुना मागायचा तर छापलेल्या, वॉर्निश केलेल्या शीटचाच मागा. कोऱ्या पुठ्ठ्याची टक फ्लॅप घर्षणाने धरते, यूव्हीवर ती सटकते. चाळीस वेळा टक् झालं ते कोऱ्या पुठ्ठ्याचं पुण्य.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर, पण नुसत्या घर्षणावर दहा वेळा मिटणारं झाकण सोडूच नये. स्लिट लॉक करा. झाकण आणि टक फ्लॅप यांच्यामधल्या घडीला दोन्ही टोकांना चार-पाच मिमीची चीर द्या आणि डस्ट फ्लॅपला तिथेच खांदा ठेवा. मिटवताना खांदा चिरेत अडकतो, तोच तो टक् आवाज. कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होतं, त्यामुळे चिरेला वेगळी मेहनत नाही. ही सोय १८७९ची. अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापत सुटली, त्यावरून त्याला दोन्ही कामं एका फटक्यात करायची कल्पना सुचली. चिकटवायचं काही वाढवलंत तर मात्र एक काम वाढतं.

समोर खाच आणि जीभ दिसायला छान, पण खाचेची टोकं फाटतात. करायचीच असेल तर खाच जिभेच्या मानेपेक्षा मिमी-दीड मिमी रुंद, टोकं किंचित वळवलेली, आणि जिभेचे कोपरे गोल. धारदार कोपऱ्याची जीभ तिसऱ्या-चौथ्या वेळेला मुडपते, मग माणूस ती खाचेत घालायचा नादच सोडतो.

प्रतिसाद ४

आतल्या पिशवीचा कोणी विचार केलाय का? सीलबंद असताना ती खाली बसलेली असते. एकदा कापली की माणूस तोंड गुंडाळून वर ठेवतो. ती गुंडाळी स्प्रिंगसारखी झाकणाला खालून ढकलते. तुम्ही टीव्हीसमोर रिकामं खोकंच उघडत-मिटवत होतात ना?

धागाकर्ती

हो, रिकामं. हे मनातच आलं नव्हतं.

प्रतिसाद ५

थोडं अवांतर, पण खाद्यपदार्थ आहे म्हणून. करड्या पाठीचा ड्युप्लेक्स रद्दीपासून बनतो. रद्दीतल्या वर्तमानपत्रांच्या शाईतली खनिज तेलं वाफरूपाने मालापर्यंत पोचू शकतात. माल पुठ्ठ्याला टेकलाच पाहिजे असं नाही. साधी पॉलिथिनची पिशवी ती फारशी अडवत नाही. पीईटी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असेल तर अडवते. पिशवी कशाची आहे ते तपासा, नाहीतर नव्या लगद्याचा पुठ्ठा घ्या. आणि "पुन्हा बंद होणारं" याचा अर्थ "हवाबंद" असा खोक्यावर चुकूनही छापू नका. पुठ्ठ्यातून दमट हवा आरपार जाते. झाकणाचं काम धूळ अडवणं आणि सांडू न देणं, कुरकुरीतपणा पिशवीने सांभाळायचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओटा भरून तुकडे ओले केले. नमुन्याची नळी आडवी, छापील खोक्याची उभी. प्रतिसाद २, तुम्ही खोकं न बघता सांगितलंत!

छापखान्याशी बोलले. शीटवर नऊ खोकी बसावीत म्हणून फिरवलं होतं. ग्रेन आडवा ठेवला तर आठच बसतात. चॅनल १.४चाच आहे, त्यात खोट नाही. नवी डाय करायचीच आहे तर स्लिट लॉक घालते, उंची ८ मिमीने वाढवून गुंडाळलेल्या पिशवीला जागा करते. समोरची जीभ रद्द. वॉर्निश पाण्याचं घ्यायचं म्हणतेय. पिशवी साध्या पॉलिथिनची निघाली, त्यामुळे ग्राहकाला पिशवी आणि पुठ्ठा असे दोन्ही पर्याय ठेवून विचारणार आहे.

प्रश्न उरला छापून पडलेल्या मालाचा. जो अजून भरलेला नाही त्याचं काही करता येईल?

प्रतिसाद २

फोल्डर-ग्लुअरवर (खोकी दुमडून चिकटवणारं मशीन) उभ्या घड्या आधी मोडून घेतात, झाकणाची घडी मशीनच्या चालीला आडवी, ती तशीच कोरी राहते. भरायच्या आधी प्रत्येक झाकण आतल्या बाजूला पूर्ण मुडपून, बोटाने दाबून सोडा. उसळी बरीच उतरेल, सगळी नाही. भेगा वाढतील, त्याला इलाज नाही. आधी वीसेक खोक्यांवर करा, पिशवी घालून दोन दिवस ठेवा, मगच बाकीची हातात घ्या.

धागाकर्ती

वीस घेऊन बसतेच आज, पिशवीसकट. नवे नमुने, छापलेले, आले की धागा वर काढेन.