मदत हवी आहे: रेसिडेन्सीच्या अर्जात मारबत कशी समजावू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महाल भागात राहते, वुडकट करते, म्हणजे लाकडी फळीवर चित्र कोरून त्याचे छाप काढते. ललित कला अकादमीच्या दिल्लीतल्या गढी स्टुडिओसारख्या ठिकाणी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही काळ तिथे राहून काम करण्यासाठी, अर्ज करायचा आहे, कारण माझ्याकडे छपाईचं प्रेस नाही. शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवून वाढायच्या डावाच्या पाठीने घासत बसते. दोन बाय तीन फुटांचा एक प्रिंट काढेपर्यंत मनगट जातं. मे महिन्यात तर पंखा लावला की कागद उडतो, बंद केला की घामाचा थेंब नेमका प्रिंटवर पडतो!

मालिका मारबतीवर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते, सोबत बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, आणि अख्खं इतवारी ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत असतं. हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण दिल्लीतल्या परीक्षकांसाठी तीनशे शब्दांत लिहायला बसले की सणाचा निबंध होतो आणि माझं काम बाजूलाच राहतं. आधी एका गॅलरीने ‘लोककला घेत नाही’ म्हणून परत पाठवलं. लोककला काहून, बाप्पा? बडग्यावर महागाई असते, पुढारी असतात, ती ताजी बातमी आहे.

तर, कुणी असा अर्ज केला असेल तर तुमचं स्टेटमेंट वाचायला द्याल का? मराठीत लिहून भाषांतर करून घेतलं तर चालतं का? आणि काळ्या शाईचे फोटो चमकतात, त्याला काय करता? सिव्हिल लाइन्सपर्यंत कुठेही भेटायला येईन, चहा माझ्याकडून.