सैतान, ल्युसिफर आणि आमचा देवचार

एका भाषांतरात अडकलेय. मुळात एकाच परिच्छेदात सेटन आणि ल्युसिफर अशी दोन्ही नावं आहेत. मी दोन्हीकडे 'सैतान' लिहून मोकळी झाले, तर संपादक म्हणतात, दोघांत फरक आहे. खरंच आहे का? आणि 'फॉलन एंजल'ला 'पतित देवदूत' चालेल?

*

गंमत म्हणजे मुळात ही दोन्ही विशेषनामं नव्हेतच. हिब्रूत 'सातान' म्हणजे आडवा येणारा. बायबलात बलाम नावाच्या द्रष्ट्याची गाढवी वाटेत अडते, कारण समोर तलवार उपसून परमेश्वराचाच दूत उभा असतो. त्या दूतालाही हाच शब्द वापरलाय! बायबलातल्याच ईयोबाच्या पुस्तकात तर तो 'हा-सातान' आहे. 'हा' हे उपपद लागलं की ते पदाचं नाव होतं, आपण 'सरकारी वकील' म्हणतो तसं. देवाच्या दरबारात तो हजेरी लावतो, ईयोबाच्या भक्तीवर शंका काढतो आणि रीतसर परवानगी घेऊन त्याला छळतो. यात देवाविरुद्धचं बंड कुठे आलं? ग्रीकमध्ये त्याचा 'दियाबोलोस' झाला, म्हणजे चहाडखोर. आपला 'सैतान' अरबी-फारसीच्या वाटेने आलेला.

ल्युसिफर म्हणजे शुक्राची चांदणी. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात बाबेलच्या राजाची टर उडवलीय: अरे पहाटताऱ्या, पहाटेच्या पोरा, आकाशातून कसा रे पडलास! लॅटिन बायबलात या ताऱ्यासाठी 'लुसिफेर', प्रकाश आणणारा, असा साधा शब्द आला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अंतःकरणात उगवणारा पहाटतारा आहे, तिथेही तोच शब्द. चौथ्या शतकात सार्डिनियात चक्क ल्युसिफर नावाचा बिशप होऊन गेला. पुढे धर्माचार्यांनी राजाचं हे पडणं सैतानाला चिकटवलं आणि तारा बदनाम झाला.

थोडक्यात, ल्युसिफर हे पडण्याआधीचं नाव, सैतान नंतरचं. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातही (१६६७) सैतानाचं जुनं नाव आता स्वर्गात कोणी घेत नाही. तुमचे संपादक बरोबर आहेत, दोन्ही नावं ठेवा.

'पतित' मला खटकतो. पतित म्हटलं की मागोमाग पावन येतोच, आणि या गड्याला तर उद्धार नकोच आहे. 'स्वर्गातून हाकललेला' बरं.

*

आमच्या तळकोकणातलं जरा ऐका. आमच्याकडे देवचार म्हणजे गावचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्री शिवेवरून फिरतो. त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या ठेवतात. गोव्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी आजी नातवावर ओरडली, "देवचारा!" मला वाटलं, काय कौतुक करतायत. त्यांच्या कोंकणीत देवचार म्हणजे सैतान!

*

म्हणजे शुक्राच्या चांदणीचं तिकडे झालं तेच की हे! ल्युसिफर तसाच ठेवते. 'हाकललेला' मात्र शीर्षकात लांब होतंय, एका शब्दात काही सुचतंय का?

*

'स्वर्गच्युत'?