गॅमा नाइफनंतर कानाच्या नसेची गाठ मोठी दिसते, ऑपरेशन करायचं का?

प्रश्न: व्हेस्टिब्युलर श्वानोमाला (कानाच्या नसेवरची, सहसा कॅन्सर नसलेली गाठ) गॅमा नाइफने, म्हणजे नेमक्या जागी एकवटलेल्या किरणांनी, १२ ग्रे (रेडिएशनचं माप) दिले. ९ महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ ३ मिमीने वाढलेली दिसते. आता काढूनच टाकावी का?

उत्तर १: घाई नको. रेडिएशननंतर पहिल्या दीड-दोन वर्षांत गाठ अनेकदा सुजते, मधला भाग कॉन्ट्रास्ट (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेत नाही, मग बहुतेकदा ती आकसते. दर स्कॅन रेडिएशनच्या वेळच्या स्कॅनशी ताडून बघा, नुसत्या मागच्याशी नको. ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) दबत असेल किंवा डोक्यात पाणी साठत असेल, तर मात्र थांबू नये.

उत्तर २: सहमत. काढायची वेळ आलीच तर खरी अडचण चेहऱ्याच्या नसेची. रेडिएशनने गाठ आणि नस यांच्यामधला थर चिकटतो, विशेषतः आतल्या कानाच्या बोगद्याच्या तोंडाशी. आधी गाठ आतून पोखरायची, चेहऱ्याची नस ब्रेनस्टेमपाशी स्टिम्युलेटरने (सौम्य वीज देऊन नस ओळखणारं उपकरण) शोधायची, मग गाठीच्या कडा सोडवायच्या. सुटत नसेल तर नसेवर गाठीचा पातळ पापुद्रा राहू द्यावा. हट्टाने ओढलं की चेहरा वाकडा.

उत्तर ३: त्या कानाने ऐकू येत नसेल तर ट्रान्सलॅबिरिंथाइन मार्ग (कानामागच्या हाडातून, आतला कान काढून गाठीपर्यंत जाणं) सोयीचा, पोकळीत पोटाची चरबी भरतात. तुकडा पॅथॉलॉजीला पाठवाच. कॅन्सर क्वचित निघतो, पण निघतो. आणि उरलेल्या पापुद्र्यासाठी वर्षाला एमआरआय चालू ठेवा.