रुग्णालयातच झालेला न्यूमोनिया: लघवीची चाचणी निगेटिव्ह आली, तरी लिजिओनेला शोधावा का?

प्रश्न – संसर्ग नियंत्रण परिचारिका, खासगी रुग्णालय, नाशिक

नमस्कार. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले एक ज्येष्ठ रुग्ण आमच्याकडे पायाच्या जखमेसाठी दाखल होते. बाराव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला, जुलाब लागले आणि दुसऱ्या दिवशी ते घरच्या माणसांनाही ओळखेनात. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला, रक्तातील सोडियम १२६ पर्यंत उतरले. थुंकीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीच वाढले नाही आणि पिपरासिलिन या अँटिबायोटिकने तीन दिवसांत काडीचाही फरक पडला नाही. लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरे अँटिबायोटिक सुरू केल्यावर मात्र ताप उतरला. त्यामुळे लिजिओनेलाचा, म्हणजे पाण्यात वाढून तुषारांबरोबर फुप्फुसात जाणाऱ्या जंतूचा, संशय आला. लघवीत या जंतूचे अंश शोधणारी लिजिओनेला अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली असल्यामुळे विषय इथेच मिटवावा, असे वरिष्ठांचे मत आहे. माझे मन मानत नाही, कारण मार्चमध्ये त्याच मजल्यावर असाच एक न्यूमोनिया होऊन गेला आणि त्या रुग्णाची तर लिजिओनेलासाठी कोणतीच तपासणी झाली नव्हती. हा रुग्णालयातच झालेला संसर्ग मानावा का? आणि रुग्ण दहा दिवसांपूर्वी घरी गेल्यावर निदान पक्के करण्याचा काही मार्ग उरतो का?

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नाशिक रोड

ताई, आपली शंका रास्त आहे. लघवीची ही चाचणी प्रामुख्याने लिजिओनेला न्यूमोफिला या जातीचा सिरोग्रुप १ (एक उपप्रकार) तेवढा ओळखते. बाहेरून आजारी होऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांत तोच असतो, म्हणून तिथे ती कामाची आहे; पण प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णांना इतर सिरोग्रुप आणि इतर जातींचाही संसर्ग होतो आणि ते या चाचणीतून निसटतात. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

कल्चरविषयी अधिक सांगायला हवे. ब्लड अगार या नेहमीच्या माध्यमावर हा जंतू वाढतच नाही. त्याला सिस्टीन आणि लोह घातलेले कोळसा-यीस्ट अर्काचे माध्यम लागते, वसाहती बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतात आणि प्लेट दहा दिवस तरी ठेवावी लागते. आपल्याकडे नेहमीच्या प्लेटा दोन दिवसांत टाकून दिल्या जातात. १९७६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फियात याच आजाराने माणसे दगावली आणि जंतू हाती लागायला जानेवारी १९७७ उजाडले, यामागेही त्याचे हेच न वाढणे होते. म्हणून मागणीच्या कागदावर ‘लिजिओनेला’ हा शब्द स्वच्छ लिहा. आणखी एक गोष्ट हात जोडून सांगते: पूपेशी कमी दिसल्या म्हणून असा नमुना ‘ही लाळ आहे’ असे म्हणून परत पाठवू नये, कारण या आजारात थुंकीत पूपेशी पुष्कळदा कमीच असतात. शक्य असेल तिथे त्याच नमुन्यावर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) हीही करावी. मात्र नमुन्यासाठी औषध थांबवू नये.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत, आजाराच्या पहिल्या दिवसांतील सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये शिल्लक आहे का, ते आजच विचारा. असेल तर आजार सुरू झाल्यापासून तीन ते सहा आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्हींची अँटिबॉडी एकत्र तपासावी. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचे प्रमाण, चौपट किंवा अधिक वाढून १:१२८ पर्यंत किंवा त्यापुढे गेले, तर निदानाला आधार मिळतो.

उत्तर – फिजिशियन, गंगापूर रोड

लक्षणे सुरू होण्यापूर्वीच्या चौदा दिवसांपैकी सलग दहा किंवा अधिक दिवस रुग्ण रुग्णालयातच असेल, तर निदान पक्के झाल्यावर तो संसर्ग तिथलाच धरतात, आणि असा एक रुग्णसुद्धा पूर्ण चौकशी सुरू करायला पुरेसा असतो. त्याहून कमी दिवस राहिलेल्या रुग्णाबाबत ‘शक्यता आहे’ एवढेच म्हणतात. मात्र वर्षभरात असे दोन रुग्ण आढळले, तरी चौकशी करावीच लागते. मार्चमधील रुग्णाच्या दाखल तारखेपासून दिवस मोजून पाहा. यापुढे रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या प्रत्येक जोखमीच्या रुग्णाची अँटिजेन चाचणी आणि फुप्फुसातील नमुन्याचे कल्चर किंवा पीसीआर एकदमच पाठवावे. नातेवाइकांना हेही सांगावे, की हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. वेगळी खोली लागत नाही.

उत्तर – रुग्णालय देखभाल अभियंता, अंबड

पाण्याकडे बघितल्याशिवाय हे कोडे सुटणार नाही. हा जंतू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवरची काळी टाकी आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसांत कोमट राहणारा सोलर वॉटर हीटर, दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. सोलरच्या टाकीत बॅकअप कॉइलने पाणी ६० अंशांवर ठेवावे, परतीच्या पाइपातही ते ५० च्या खाली जाऊ देऊ नये, आणि भाजण्याचा धोका टाळण्यासाठी नळाजवळ थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. बंद पडलेल्या खोल्यांचे आणि टोपण लावून सोडून दिलेले पाइप शोधा. पाणी तिथेच साचते. नमुना घेताना आधी शॉवरच्या जाळीच्या आतून स्वॅब फिरवावा, मग नळ सोडताच येणारे एक लिटर पाणी क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या बाटलीत घ्यावे.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी त्या मजल्यावरच्या शेवटच्या बाथरूममध्ये थर्मामीटर धरला. नळ तीन मिनिटे सोडूनही पाणी ४२ अंशांच्या पुढे गेले नाही, आणि शॉवरच्या जाळीतून काढलेल्या स्वॅबवर तपकिरी, बुळबुळीत थर आला. त्याहून वाईट म्हणजे, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटल्या बेसिनच्या नळावरून भरल्या जात असल्याचे मी स्वतः पाहिले. त्या सगळ्या काढून निर्जंतुक पाणीच वापरण्याची सूचना प्रत्येक पाळीच्या नोंदवहीत लिहून मी सही घेतली आहे. पहिले सीरम सुदैवाने फ्रीजरमध्ये मिळाले. दुसरा नमुना पुढच्या सोमवारी घेणार आहे. रुग्णाच्या मुलाने त्यांना घेऊन येण्याचे कबूल केले आहे.