आफ्टर इफेक्ट्स (व्हिडिओ ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर): नावाप्रमाणे मागची पट्टी आपोआप कशी बदलावी?

सांगलीकर: गणेशोत्सवाच्या एलईडी स्क्रीनवर ६० देणगीदारांची नावं दाखवायचीत. प्रत्येक नावाला पट्टी हातानं ताणावी लागते. कोडनं होईल का?

कराडकर: हो. पट्टीच्या रेक्टँगलच्या साइझपुढचं स्टॉपवॉच (घड्याळाचं चिन्ह) ऑल्ट धरून क्लिक करा. एक्स्प्रेशनमध्ये (तिथे उघडणाऱ्या छोट्या कोडमध्ये) नावाच्या टेक्स्ट लेयरच्या सोर्सरेक्टअ‍ॅटटाइमची विड्थ (मजकुराची रुंदी) घ्या, त्यात ८० मिळवा. दोन्हीकडे ४० पिक्सेल सुटतात. उंची मात्र ठरावीकच ठेवा! उकार-वेलांटीनं ती बदलते आणि पट्टी नावागणिक उडते. मजकूर सेंटर हवा, नाहीतर पट्टी नावाखालून सरकते.

मिरजकर: नावं सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमधून) घ्या. ती वाचणाऱ्या डेटाव्हॅल्यू या फंक्शनमध्ये आधी कॉलम, मग ओळ, मोजणी शून्यापासून. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह करा, नाहीतर मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

सांगलीकर: पट्टी जमली! जोडाक्षरं तुटतायत पण.

कराडकर: प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडून साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा.