एल.एल.बी.चा फॉर्म: राजीनाम्यात (आपसातल्या समझोत्यात) मिटलेली केस लिहायची का?

मावशी_इंदूर: भाचा तीन वर्षांच्या एल.एल.बी.चे फॉर्म भरतोय, सगळी कॉलेजं इंदुरातलीच. 2022 मध्ये कॉलेजात मारामारी झाली होती. धारा (कलम) 323, 506 म्हणजे मारहाण आणि धमकीची एफआयआर, चालान (आरोपपत्र) पेश झालं, मग लोक अदालतीत राजीनामा. कॉलेजने निलंबितही केलं होतं. एका फॉर्मवर विचारलंय "प्रकरण प्रलंबित आहे का", दुसऱ्यावर "कधी गुन्हा नोंदला गेला का". घरचे म्हणतात, मिटलेलं कशाला उकरायचं?

नक्कलवाला: जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या, पण पूर्ण द्या. "प्रलंबित" ला नाही. "शिक्षा झाली का" लाही नाही, कारण राजीनाम्याचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसी 320(8), आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसची 359). पण "कधी नोंदला गेला का" ला हो. राजीनाम्याने एफआयआर पुसली जात नाही.

आधी जिल्हा न्यायालयातून अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, आठवणीवर धारा लिहू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख मिळते. आदेशाचा शेवट नीट वाचा: राजीनामा नेमका कुठल्या धारांवर झालाय? चालानमध्ये राजीनामायोग्य नसलेली एखादी धारा असेल तर ती लोक अदालतीत मिटत नाही. ती कोर्टात तशीच चालू असली तर "प्रलंबित नाही" हे खोटं ठरतं. घोळ बहुतेक इथेच होतो.

काळा_कोट: ताई, घरच्यांना सांगा, आज नाही लिहिलं तरी पुढे विचारणारच आहेत. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे शेवटची मार्कशीट आणि डिग्री हातात पडण्याआधी एफआयआर, चालू केस, शिक्षा, इतकंच काय निर्दोष सुटकाही जाहीर करावी लागते. लपवलं तर दोन्ही अडकतात. पुढे सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) अर्ज जबलपूरला, राज्याच्या बार काउन्सिलकडे. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून नाव चढवलेलं असेल तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या धारा 26 खाली ते काढून टाकता येतं. आणि ही केस मुळात आडवी येणारीच नाही! धारा 24-ए नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला अडवते, तेही सुटकेनंतर दोन वर्षंच.

मजकूर तीन ओळींचा ठेवा: पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, धारा, राजीनाम्याची तारीख, "आदेशाची प्रत सोबत". "समोरच्याने भडकवलं" वगैरे नको. सगळ्या फॉर्मांवर तपशील शब्दशः एकच. निलंबन मात्र शिस्तभंगाचा रकाना असेल तरच.

मावशी_इंदूर: त्याच भांडणात सीआरपीसीची धारा 151 पण लावली होती, रात्रभर पोलीस ठाण्यात होता. तेही?

नक्कलवाला: 151 प्रतिबंधात्मक आहे (भांडण वाढू नये म्हणून केलेली अटक), गुन्हा नव्हे. "गुन्हा नोंदला का" मध्ये ती येत नाही, "कधी अटक झाली का" मध्ये येते. उलट दारू पिऊन गाडी चालवल्याची, मोटार वाहन कायद्याची धारा 185 लोक साधं ट्रॅफिकचं चालान समजून सोडून देतात. कोर्टात कबूल करून दंड भरला म्हणजे ती शिक्षाच, भले पाचच मिनिटांत सुटलेला असो.