प्रतिसाद: डावं-उजवं नेमकं कोणाच्या बाजूने?

राजकारणातल्या डाव्या-उजव्यांवरच्या मूळ लेखात म्हटलंय की खुल्या बाजाराचा समर्थक तो उजवा, सरकारी नियंत्रणाचा समर्थक तो डावा. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

मुळात भांडण बाजाराचं नव्हतंच. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा का, यावर वाद झाला. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. पुढे १८४८ च्या क्रांतीनंतर तिथल्याच सभेवर निवडून आलेला फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेदेरिक बास्तिया, खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता, तोही डावीकडेच बसायचा. डेन्मार्कमध्ये तर 'व्हेन्स्त्रे' नावाचा जुना पक्ष आहे. नावाचा अर्थ 'डावा', पण आज तो गणला जातो उजवीकडे झुकलेल्यांत. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणून जमीनदारांच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा ते नाव शोभत होतं.

आपल्याकडचे शेतकरी नेते शरद जोशी घ्या. १९८० च्या सुमारास चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेले, म्हणजे डावे? पण एकंदर भूमिका काय, तर सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढावा. म्हणजे उजवे? मग बायकोच्या नावावर जमीन करा म्हणणारी त्यांची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम कुठे बसवायची?

(आणि मराठीत तर पंचाईतच. 'डावं' म्हणजे कमअस्सल, 'उजवं' म्हणजे सरस. भाषांतर करतानाच निम्मा निकाल लागतो.)

त्यामुळे कोणाला शिक्का मारण्याआधी प्रश्न कोणता ते विचारावं: जमीन, व्यापार, धर्म की जात? एकच माणूस चारही ठिकाणी वेगळ्या बाकावर सापडतो. माझंच बघा, घरात मला डावा म्हणतात आणि मित्रांत उजवा.